वाळुंजाचा पत्ता

मामांच्या हातात कुणी एखादी फांदी दिली की ते फांदीकडे बघायचेच नाहीत. देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "उभां खंय होतां?"

समोरचा गोंधळायचा. फांदी हातात आहे, पानं आहेत, नशीब असेल तर एखादं फूलही आहे. नाव सांगायचं सोडून हा माणूस पत्ता काय विचारतो? पण मामांची रीत तीच. झाड कुठे उभं होतं, त्याचे पाय पाण्यात होते की नुसते ओलाव्यात, ऊन सकाळचं लागत होतं की दुपारचं, शेजारी कोण होतं, शेळ्या त्याला तोंड लावत होत्या की वळसा घालून जात होत्या, एवढी उलटतपासणी झाली की मग कुठे ते फांदीवर एक नजर टाकायचे. बहुतेक वेळा तोवर नाव त्यांच्या ओठांवर आलेलं असायचं. ज्याला उत्तरं देता यायची नाहीत त्याला फांदी परत मिळायची. "जा, बघून ये," एवढंच म्हणायचे आणि परीक्षानळ्या धुवायला वळायचे.

आमच्या मुलुंडच्या कॉलेजात ते वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. काचसामान धुणं, सूक्ष्मदर्शक पुसून कपाटात ठेवणं, प्रॅक्टिकलच्या दिवशी टेबलं मांडणं, ही त्यांची कागदावरची कामं. शिक्षण सातवी. वडील गिरणीत होते, गाव कुडाळकडचं, राहायला भांडुपला. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या मुलींपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे, आणि ते सगळ्यांना आपल्या मर्जीप्रमाणे हाक मारायचे. मी विद्यार्थ्यांसमोर 'मॅडम' होते, वर्ग रिकामा झाला की 'गो' होते, आणि माझ्यावर चिडले की पुन्हा 'मॅडम' व्हायचे. त्यामुळे वर्ग रिकामा असताना 'मॅडम' ऐकू आलं की आपलं काय चुकलं ते मी आठवायला लागायचे.

मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवायला लागले तेव्हा नुकती एम.एस्सी. झाले होते. पहिला वर्ग, फोनमध्ये झाडं ओळखणारं ॲप आणि बोलण्यात लॅटिन नावांचा सडा. पहिल्याच आठवड्यात मी स्टेशनजवळून एक डहाळी तोडून आणली आणि मामांची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांच्यासमोर धरली.

"उभां खंय होतां?"

"रस्त्यावर, मामा."

"झाड रस्त्यार नसतां गो. रस्तो झाडाच्या बाजूक येता. बाजूक आणि कोण होता?"

ते मी बघितलंच नव्हतं. मग मी फोन काढला, पानाचा फोटो घेतला आणि दोन सेकंदांत आलेलं नाव त्यांना दाखवलं. मामांनी फोन हात लांब करून बघितला. त्यांना चाळिशी लागली होती, पण चष्मा लावायचा मान ते फक्त सूक्ष्मदर्शकाला द्यायचे.

"ह्येका इचार," ते म्हणाले, "उभां खंय होतां."

नाव चुकलेलं होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही मीच जाऊन बघून आले म्हणून. मामांनी 'बघ, मी सांगितलं नव्हतं?' असं एकदाही म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर मला त्यांचा राग तरी धरता आला असता.

त्यांची एकेक खोड सांगायची तर दिवस पुरणार नाही. झाडांचे नमुने दाबून वाळवायला वर्तमानपत्र लागतं, तर मामांना त्यात फक्त वधू-वरांच्या जाहिरातींची पानं चालायची. मला आधी वाटलं गंमत करतायत. नंतर त्यांनी समजावलं: मोठे फोटो असलेल्या पानांवर शाई जास्त, ती दमट फुलांना लागते. बारीक अक्षरांचं पान ओल सारखी शोषून घेतं. कॉलेजच्या ग्रंथपालबाई दर सोमवारी न चुकता ती पानं त्यांच्यासाठी बाजूला काढायच्या. स्टाफरूममध्ये कुणीतरी उठवलं होतं की मामा अजून स्थळं बघतायत. मामींच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, "बघूंदेत. बायल मिळाली तरी तिका आधी ओढ्यात नेऊन उभी करतीत."

बागेचा त्यांना मनापासून कंटाळा होता. प्राचार्यांनी कॉलेजच्या दाराशी कुंड्या मांडल्या तेव्हा मामा त्यांना रोज पाणी घालायचे, एक दिवस चुकवला नाही, पण नाव घ्यायचे नाहीत. "हॉस्टेलातली पोरां ती. वेळेर खातत, सरळ उभी ऱ्हवतत. घराकडे कशी वागतत ता कोणाक ठावक?" प्राचार्यांच्या बहिणीने एकदा घरातल्या मनीप्लँटचं पान आणून त्याचा मूळ देश विचारला, तर मामा म्हणाले, "ताई, तुमच्याकडे बाटलीत आसा मा? मग पत्तो बाटली लिवा." प्राचार्य दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मामांच्या ते लक्षातही आलं नाही.

जेवायला ते कॉलेजच्या मागच्या फाटकातून बाहेर पडायचे. तिथे डोंगरातून उतरणारा ओढा आहे. पुढे वस्तीत शिरला की लोक त्याला नाला म्हणतात, पण कॉलेजमागे तो अजून ओढा होता. मामा एका दगडावर डबा उघडून बसायचे आणि जेवता जेवता समोरचा काठ बघायचे. मी एकदोनदा त्यांच्याबरोबर गेले. बोलणं होईच असं नाही. मध्येच बोट करायचे. "ती बघ, करंजाची पोर. गेल्या पावसात आईपासना सुटून हय येऊन रुजली." मला त्या दगडावर बसून जे कळलं ते मी आज पोरांना शिकवते, आणि पोरांना वाटतं मॅडमनी कुठल्यातरी परदेशी पुस्तकात वाचलंय.

मामांची खरी कीर्ती मात्र 'मटेरिअल'साठी होती. वनस्पतीशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेला ताज्या फांद्या लागतात, फुलं लागतात, आणि ती नेमकी त्याच दिवशी फुललेली लागतात. बाकीच्या कॉलेजांत त्या आठवड्यात धावपळ असायची. आमच्याकडे मामा सकाळी साडेसातला ओल्या गोणपाटात बांधलेला भारा घेऊन हजर. त्यातली खास चीज म्हणजे कॅटकिन. कॅटकिन म्हणजे पाकळ्या नसलेल्या बारीक फुलांचा मऊ, शेपटीसारखा फुलोरा. पुस्तकात त्याचं चित्र असतं, पण मुंबईत दाखवायला फारसं काही मिळत नाही, तुतीवर भागवावं लागतं. मामा मात्र दरवर्षी पिवळ्या, मऊ, मंद वासाच्या कॅटकिनच्या ताज्या डहाळ्या आणायचे. आमच्या तीन बॅचला पुरून उरायच्या, मग घाटकोपरच्या आणि कुर्ल्याच्या कॉलेजांतले मदतनीस येऊन घेऊन जायचे. "खंयसून हाडतंस रे?" असं कुणी विचारलं की मामा नुसते मिशीत हसायचे. दुसऱ्याला पत्ता विचारणारा हा माणूस स्वतःच्या कॅटकिनचा पत्ता मात्र कुणाला देत नव्हता. आम्हालाही त्याचं काही वाटलं नाही. 'स्पॉट क्रमांक चार, पुष्पविन्यास ओळखा' असं कार्ड ट्रेपुढे ठेवायचं, मुलांनी 'कॅटकिन' लिहायचं, गुण द्यायचे, संध्याकाळी ट्रे रिकामा करायचा. मी दोन वर्षं ते कार्ड स्वतःच्या हाताने लिहिलं. ती डहाळी कोणत्या झाडाची आहे हा प्रश्न मला पडला नाही, कारण तो परीक्षेत नव्हता.

आता माझ्या चुकीकडे येते. इथवर टाळत होते.

दुसऱ्या वर्षी प्राचार्यांनी मला 'आपल्या ओढ्याकाठची वनस्पती' अशी एक पुस्तिका करायला सांगितली. माझी नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, त्यामुळे असं काम म्हणजे पुढच्या वर्षाची थोडी खात्री. मी उत्साहाने भिडले. पावसाळा संपता संपता काठाने हिंडले, फोटो काढले, नावं लावली. फाटकापासून थोडं खाली, जिथे ओढा वळतो, तिथे एक झुडूप होतं. खांद्याएवढं उंच, अंगठ्याएवढ्या जाड वीसपंचवीस काठ्या एकाच जागेवरून फुटलेल्या, लांब निमुळती पानं. फूल नव्हतं. लांब पानांचं, ओढ्यातलं झुडूप म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच नाव आलं: शेरणी. सह्याद्रीतल्या ओढ्यांत सगळीकडे असते, पुरात वाकते, पूर ओसरला की उठते. मी लिहून टाकलं.

मजकूर छापायला देण्याआधी मामांना वाचून दाखवला. शेरणीपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "उभां खंय आसा?"

"ओढ्यात, मामा."

"ओढ्यात की ओढ्याच्या काठार?"

"तेच ते हो."

मी वाद होईल म्हणून कंबर कसून बसले होते. पण मामा गप्प झाले. त्यांनी फडकं उचललं आणि पुसलेलीच बाटली पुन्हा पुसायला घेतली. मला वाटलं, चला, एकदा तरी मामांनी माझं ऐकलं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली. तो मूर्खपणा आठवला की अजूनही कानशिलं गरम होतात.

पुस्तिका झकास छापून झाली. आणि दीडएक वर्षाने, हिवाळा संपता संपता, कॉलेजला महापालिकेचं एक पत्र आलं. ओढ्याच्या काठाला काँक्रीटची भिंत घालायची होती आणि फाटकाजवळचं वळण सरळ करायचं होतं. त्या आखणीत किती झाडं येतात त्याची यादी सोबत जोडली होती. वळणापाशी लिहिलं होतं: 'येथे वृक्ष नाही. शेरणी या सर्वसाधारण जातीचे एक झुडूप आहे.' खाली संदर्भ म्हणून आमची पुस्तिका आणि माझं नाव. माझं नाव सरकारी कागदावर! मी ते पत्र नाचवतच प्रयोगशाळेत गेले.

"मामा, बघा, आपल्या पुस्तिकेचा संदर्भ दिलाय!"

मामांनी चष्मा लावला. सूक्ष्मदर्शकासमोर नसताना त्यांनी चष्मा लावलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. पत्र दोनदा वाचलं. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी जरा बरोबर येवा."

प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वळणापाशी उभे होतो. मामा विजारीचे पाय दुमडून चिखलात उतरले आणि त्यांनी मला ती जागा बघायला लावली. आधी वर, जिथे पाणी खडकांवरून जोरात उतरतं. "शेरणी थय ऱ्हवता. खडकाक धरून, मधल्या धारेत. तिका पाण्याचो धक्को होयो." मग पायाखाली. इथे ओढा वळतो, पाणी मंदावतं, गाळ बसतो. माती मऊ, वर्षभर ओल, पण धार अंगावर येत नाही. "ही जागा शेरणीची नाय. ही वाळुंजाची."

वाळुंज! आपल्याकडच्या नदीकाठचा विलो. पुस्तकात शिकलेला, परीक्षेत लिहिलेला, मुलुंडमध्ये असेल असं स्वप्नातही न आलेला. मामांनी एक पान उलटं केलं. खालची बाजू पांढुरकी, पिठूळ. शेरणीच्या पानाखाली तपकिरी ठिपके असतात, इथे एकही नव्हता. मग त्यांनी माझं बोट धरून पानाच्या कडेवरून फिरवलं. बारीक, करवतीसारखे दात लागले. शेवटी फांदीवरचा एक कोवळा डोळा, न उमललेला कोंब, दाखवला. त्यावर एकाच तुकड्याची टोपी होती, नखाने ओढली तशी अख्खी निघून आली. हे सगळं मला पाठ होतं. एम.एस्सी.ला मी ते चित्र काढून लिहिलं होतं.

"पण मामा, वाळुंज तर झाड असतं. चांगलं मोठं. हे तर झुडूप आहे."

मामांनी काठ्या बाजूला केल्या. प्रत्येक काठीच्या बुडाशी जुन्या कापाच्या खुणा होत्या, एकावर एक, वर्षावर वर्ष. कोयत्याचे घाव असतात तसे वेडेवाकडे नव्हते. स्वच्छ, तिरपे, धारदार कात्रीचे काप होते. आमच्या प्रयोगशाळेत छाटणीची एकच कात्री होती. ती कपाटात कुठे असते आणि तिला तेल कोण घालतं हे मला माहीत होतं.

"कॅटकिन," मी म्हणाले.

"पयल्या वर्षी फुलोरो उंचावर होतो. हात पावना. म्हणून शेंडो उतरवलंय. मग कोंब फुटले, हाताशी इले. बरां वाटलां. दर परीक्षा झाली की बुडापासना कापूचा, म्हणजे फुडल्या वर्षी परत हाताशी. घाटकोपरवालो मागी, कुर्ल्याचो मागी, सगळे म्हणत, मामांसारख्यां मटेरिअल कोणाचां नाय." ते थांबले. "तू शेरणी लिवलंस ना, तेव्हा माका बरां वाटलां गो. म्हटलां, शेरणी तर शेरणी. कोण इचारतलां."

मला पत्ता विचारून विचारून भंडावणारा माणूस त्या दिवशी गप्प का बसला, ते आत्ता कळत होतं. आणि त्यांना लबाड म्हणायचं तर ज्या ट्रेसमोर मी दोन वर्षं कार्ड ठेवलं तो ट्रे माझ्या डोळ्यांपुढे येत होता. 'मामा, कॅटकिन जरा जास्त आणा हं,' हे मीच म्हटलेलं होतं. दोन वर्षं तेच झाड हातात धरून मुलांना गुण दिले, आणि ते आपल्या जागी उभं दिसलं तेव्हा त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारली.

मामांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. त्यांच्या सेवापुस्तिकेत इतक्या वर्षांत एक शेरा नव्हता, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान होता हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. विनापरवाना झाड तोडणं हा गुन्हा. कबूल केलं तर चौकशी, आणि चौकशी सुरू झाली की निवृत्तीचे कागद जागच्या जागी थांबणार. नाही केलं तर भिंत येणार आणि वळणावरचं 'झुडूप' एका सकाळी उपटलं जाणार. दोन्हीच्या मध्ये माझी पुस्तिका होती.

"मी चूक कबूल करते, मामा," मी म्हणाले. "वाळुंज आहे असं पत्र देते. कापायचं तुम्ही काही बोलू नका."

मी पत्र दिलं. प्राचार्यांनी ते पुढे पाठवलं, पण मला बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं मग बघू." म्हणजे काय ते मी समजले. पंधरा दिवसांनी पाहणीला महापालिकेचे एक तरुण साहेब आले. सोबत नालेसफाईचा मुकादम होता. मी साहेबांना पानाची पांढरी बाजू दाखवली, दात दाखवले, टोपी काढून दाखवली. ते सभ्य माणूस होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, नाव तुम्ही म्हणता ते असेल," ते म्हणाले. "पण आधी तुम्हीच शेरणी म्हणालात, आता वाळुंज म्हणताय. मला एवढंच लिहायचंय की झाड आहे की झुडूप. झाड असेल तर भिंत मागे घ्यावी लागेल, झुडपाला तो नियम नाही. तुम्हीच सांगा, हे बघून झाड कोण म्हणेल?"

काठ्या अंगठ्याएवढ्या होत्या.

तेवढ्यात मामा गुडघ्यांवर बसले आणि हातांनी गाळ उकरायला लागले. मुकादम म्हणाला, "अरे मामा, फावडा देऊ का?" पण मामांनी मान हलवली. फावड्याने साल खरवडली असती. वीतभर, मग हातभर गाळ निघाला. खाली बुंधा होता. काळपट, भेगाळ सालीचा, दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा. वर्षानुवर्षांच्या गाळाने तो गळ्यापर्यंत पुरला होता आणि आम्ही फक्त त्याच्या डोक्यावरचे कोंब बघत होतो.

साहेब खाली वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग मुकादमाकडे वळून म्हणाले, "काय रे, दरवर्षी सफाईत तुम्हीच तोडता वाटतं?"

"साहेब, आईशप्पथ नाही. आपण गाळ काढतो. झाडाला हात लावत नाय आपण."

"मग काय आपोआप तुटलं?"

मुकादम रडकुंडीला आला. मी मामांकडे बघितलं आणि डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. मामा चिखलाचे हात विजारीला पुसत उभे राहिले.

"तेका काय बोलू नका, साहेब. तेणी नाय कापला. मी कापलंय. ह्यां झुडूप नाय, झाड आसा. ह्येचां झुडूप मी केलंय."

साहेबांनी त्यांना वय विचारलं, निवृत्ती कधी ते विचारलं, आणि हातातला कागद थोडा वेळ नुसताच धरून ठेवला. मग पंचनामा लिहायला घेतला. माणूस सभ्य होता हे मी म्हटलंच. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं: "सदर वाळुंज वृक्षाच्या फांद्या महाविद्यालयाचे कर्मचारी यांनी शैक्षणिक कामासाठी एक-दोन वेळा छाटल्याचे सांगितले." आणि मामांकडे बघून हळूच म्हणाले, "एवढंच पुरे. एक-दोन वेळा म्हटलं की फारसं काही होत नाही. करा सही."

माझ्या जिवात जीव आला. मी तर पेनही पुढे केलं. मामांनी ते घेतलं, पण सही केली नाही.

"साहेब, परत वाचा."

साहेबांनी परत वाचलं.

"एक-दोनदा कापून झाडाचां झुडूप होणां नाय," मामा म्हणाले. "उद्या दुसरो साहेब येतलो. तो ह्यां वाचतलो, हय येऊन बघतलो आणि म्हणतलो, दोनदा कापलां तर एवढां बारीक कसां? म्हणजे झुडूपच असतलां. मग तुमच्या कागदाक काय अर्थ? बावीस वर्षां लिवा."

"मामा, विचार करा. हे तुमच्या सेवापुस्तिकेत जाईल."

"जांवदे. बावीस लिवा."

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशी झाली, मामांचा निरोपसमारंभ झाला नाही, त्यांचे कागद वर्षभर अडकले. मला त्या कॉलेजात पुढच्या वर्षी बोलावलं नाही, दुसरीकडे मिळालं. भिंत झाली, पण वळणापाशी ती झाडाला जागा सोडून मागे सरकली. वाळुंज आता दुमजली इमारतीएवढं आहे आणि त्याच्या फुलोऱ्याला कुणाचाही हात पोचत नाही. मामा भांडुपला आहेत, तब्येत ठीक आहे. मी आजवर जे काही शिकले त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मला या सातवी शिकलेल्या, हट्टी, थोड्या बढाईखोर माणसाने शिकवलं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गप ऱ्हव गो." पण त्यांचे आभार मानल्याशिवाय माझा जीव शांत होणार नाही, म्हणून हे लिहिलं.

त्या दिवशी साहेबांनी 'एक-दोन वेळा' हे शब्द खोडले आणि वर 'सतत बावीस वर्षे' असं लिहिलं. सरकारी कागदावर खाडाखोड झाली की तिच्या शेजारी सही करावी लागते. मामांनी चष्मा लावून, जपून, अक्षर अन् अक्षर लावत ती केली. मग कागद माझ्याकडे आला, साक्षीदार म्हणून. पंधरा दिवसांपूर्वी चूक कबूल करणारं पत्र लिहिताना मी चार मसुदे फाडले होते. आता मी माझ्या सहीच्या वर एकाच दमात लिहिलं, 'पुस्तिकेतील शेरणी ही नोंद माझी असून ती चूक आहे. परीक्षेसाठी ह्या फांद्या मीही मागवल्या होत्या.' मामांच्या बावीस वर्षांच्या खाली एवढं लिहायला मला काहीच जड गेलं नाही.